गाडीत पाणी शिरलं: क्लेम टाकायचा की खिशातून भरायचं?

(पॉडकास्टच्या या भागाचं हे लिखित रूप. बोलताना झालेली पुनरावृत्ती काढली आहे. हिशेब ऐकण्यापेक्षा डोळ्यांसमोर असलेला बरा, म्हणून आकडे नीट मांडून दिले आहेत.)

पावसाळा आला की मला दोन-तीन फोन हमखास येतात. कोणाची गाडी अंडरपासमध्ये बंद पडलेली असते, कोणाच्या पार्किंगमध्ये गुडघाभर पाणी साचलेलं असतं. प्रश्न एकच: "इन्शुरन्स आहे, पण क्लेम टाकू का? म्हणतात बोनस जातो."

आता मी इंजिनिअर आहे, पण गाडीचा नाही, सॉफ्टवेअरचा. तरी हा प्रश्न माझ्याकडे येतो, कारण आमच्या घरात हा निर्णय दोनदा घ्यावा लागला. एकदा क्लेम केला, एकदा केला नाही. आणि ओळखीतल्या एकाचा क्लेम नामंजूर झाला. आज या तिन्ही गाड्यांची गोष्ट सांगतो आणि त्यातून निघालेला हिशेबही सांगतो. तुमच्या पॉलिसीचा कागद हाताशी असेल तर घेऊन बसा.

पहिली गाडी: अकोला, जुलै २०२१

२०२१च्या जुलैमधली २१ तारखेची रात्र अकोलेकर विसरणार नाहीत. रात्रभर पाऊस कोसळला, मोर्णेला पूर आला आणि काठच्या सखल वस्त्यांमध्ये घरांत पाणी शिरलं. माझे मामा तिथलेच. त्यांची २०१८ची छोटी पेट्रोल गाडी अंगणात उभी होती. सकाळी पाणी उतरलं तेव्हा सीटच्या वरपर्यंत चिखलाची रेघ उमटलेली.

मामांचा फोन आला. "बाबू, गाडी पुरी डुबली ना रे. आता काय करा लागते? सेल्फ मारून पाहू का एकडाव?"

मी म्हटलं, "मामा, काहीही करा, पण चावी फिरवू नका."

हे वाक्य मी नशिबानं बरोबर बोललो. त्यामागचं कारण तिसऱ्या गाडीच्या वेळी येईल.

त्या दिवशी आम्ही चार गोष्टी केल्या. गाडी धुण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढले, आतली पाण्याची रेघ दिसेल असे. बॅटरीची वायर काढली. कंपनीला फोन करून क्लेम नंबर घेतला. आणि गाडी टोचन करून वर्कशॉपला नेली.

टोचनबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवा. साध्या पॉलिसीत कारसाठी ओढून नेण्याचा खर्च ₹१,५०० पर्यंतच मिळतो, आणि तोही जवळच्या गॅरेजपर्यंत. अकोल्याची गाडी "अमरावतीला आपल्या ओळखीचा मिस्त्री आहे" म्हणून शंभर किलोमीटर ओढत नेली, तर वरचा खर्च तुमचा. रोडसाइड असिस्टन्सचं ॲड-ऑन असेल तर गोष्ट वेगळी.

वर्कशॉपचं एस्टिमेट आलं ₹१,४२,०००. मामा हबकले. लगेच दुसरा प्रश्न: "क्लेम टाकला त बोनस जाईन न?"

क्लेमचे पैसे पूर्ण का मिळत नाहीत

आधी एक मूलभूत गोष्ट. पॉलिसीचे दोन भाग असतात: थर्ड पार्टी आणि ओन डॅमेज, म्हणजे ओडी. थर्ड पार्टी कायद्यानं सक्तीची आहे, पण ती दुसऱ्याच्या नुकसानीसाठी. तुमच्या गाडीत पुराचं पाणी शिरलं तर त्यातून एक रुपयाही मिळत नाही. जुन्या गाडीला स्वस्तात पडते म्हणून नुसती थर्ड पार्टी घेतली असेल, तर आजचा प्रश्न तुमच्यासाठी इथेच संपतो.

ओडी असेल तर पूर, वादळ, पाण्यात बुडणं हे सगळं साध्या पॉलिसीतच येतं. त्यासाठी वेगळं ॲड-ऑन लागत नाही. पण बिलातून कपात होते ती अशी:

१. घसारा. प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी, एअरबॅग यांवर ५० टक्के. फायबर ग्लासवर ३० टक्के. काचेवर काहीच नाही. बाकी पार्ट्सवर गाडीच्या वयानुसार: पहिले सहा महिने शून्य, एक वर्षापर्यंत ५, दोनपर्यंत १०, तीनपर्यंत १५, चारपर्यंत २५, पाचपर्यंत ३५, दहापर्यंत ४० आणि त्यापुढे ५० टक्के. मजुरीवर घसारा नाही. झिरो डेप ॲड-ऑन असेल तर ही कपात टळते.

२. सक्तीची वजावट. १५०० सीसीपर्यंतच्या कारला ₹१,०००, त्यावरच्या कारला ₹२,०००. प्रीमियम कमी करायला तुम्ही जास्तीची ऐच्छिक वजावट घेतली असेल, तर तीही यात धरा.

३. ऑइल, ग्रीस, कूलंट, नटबोल्ट. यांना कन्झ्युमेबल्स म्हणतात. वेगळं ॲड-ऑन नसेल तर हे सहसा तुमच्याच खिशातून.

मामांकडे झिरो डेप नव्हतं. गाडी तीन वर्षं उलटून चौथ्यात गेलेली. बिल असं फुटलं:

मजुरी ₹३२,०००: पूर्ण मिळाली.
धातूचे आणि इलेक्ट्रिकल पार्ट्स ₹६०,०००: २५ टक्के म्हणजे ₹१५,००० कापले.
प्लास्टिक, रबर, बॅटरी ₹४२,०००: निम्मे म्हणजे ₹२१,००० कापले.
कन्झ्युमेबल्स ₹८,०००: पूर्ण कापले.
वजावट ₹१,०००.

हाती आले ₹९७,०००. म्हणजे "फुल इन्शुरन्स" म्हणतात त्यातही ₹४५,००० मामांनीच भरले.

मधे एक शंका आली होती की गाडी टोटल लॉस होईल का. नियम असा की दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे पॉलिसीवर लिहिलेल्या गाडीच्या किमतीच्या, ७५ टक्क्यांहून जास्त झाला तर गाडी टोटल लॉस धरतात. मामांची आयडीव्ही होती ₹३,९०,०००. तिचे ७५ टक्के म्हणजे ₹२,९२,५००. आपण त्याच्या निम्म्यावरच होतो, म्हणून दुरुस्ती. टोटल लॉस झाली आणि गाडीवर कर्ज असेल, तर पैसे आधी बँकेकडे जातात.

बोनस जातो म्हणजे नेमकं किती जातं?

इथे सगळ्यांचा हिशेब चुकतो. माझाही आधी चुकला होता.

नो क्लेम बोनस, एनसीबी, हा फक्त ओडी प्रीमियमवर मिळतो, थर्ड पार्टीच्या रकमेवर नाही. एक वर्ष क्लेम नाही तर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनी ५०. त्यापुढे वाढत नाही. एक क्लेम झाला की पुढच्या रिन्युअलला शून्य. क्लेम पाच हजारांचा असो की लाखाचा, बोनस सारखाच जातो.

लोक फक्त पुढच्या वर्षाचं बघतात: "५० टक्के सूट गेली, चार हजारांचा फटका." पण शिडी परत पहिल्या पायरीपासून चढायची असते. ५० टक्क्यांवर असताना क्लेम केला, तर पुढची वर्षं अशी जातात: ०, २०, २५, ३५, ४५ आणि मग परत ५०. क्लेम केला नसता तर दरवर्षी ५० मिळाले असते. फरकांची बेरीज करा: ५०, ३०, २५, १५, ५. एकूण १२५. म्हणजे सव्वा वर्षाचा मूळ ओडी प्रीमियम.

सध्या तुमच्या पॉलिसीवर किती एनसीबी लिहिलाय, त्यानुसार एकूण तोटा असा निघतो (मूळ ओडी प्रीमियमच्या टक्क्यांत):

सध्या ०: एकूण ५०
सध्या २०: एकूण ८०
सध्या २५: एकूण १०५
सध्या ३५: एकूण १२०
सध्या ४५ किंवा ५०: एकूण १२५

यावर १८ टक्के जीएसटी चढवा. यात दोन गोष्टी गृहीत धरल्या आहेत: मूळ प्रीमियम दरवर्षी तेवढाच राहील आणि मधे दुसरा क्लेम होणार नाही. गाडी जुनी होते तसा ओडी सहसा उतरतो आणि मधे दुसरा क्लेम झाला तर तोटा तिथेच थांबतो. तेव्हा हा आकडा तोट्याची वरची मर्यादा समजा. अपवाद एकच. एनसीबी गाडीचा नसतो, मालकाचा असतो. वर्षभरात नवीन, महाग गाडी घ्यायचा विचार असेल तर तो बोनस नव्या गाडीच्या मोठ्या ओडीवर लागला असता. मग हिशेब नव्या गाडीच्या प्रीमियमवर करा.

मामांचा एनसीबी ३५ टक्के, मूळ ओडी ₹७,०००. तोटा १२० टक्के म्हणजे ₹८,४००, जीएसटी धरून ₹९,९१२. एका बाजूला ₹९७,०००, दुसऱ्या बाजूला दहा हजारांच्या आत. मी मामांना म्हटलं, "यात विचार करायचं कामच नाही." क्लेम केला.

दुसरी गाडी: अमरावती, पाणी फक्त गालिचापर्यंत

ही माझी स्वतःची गाडी. तासभर धो धो पाऊस, घरासमोरच्या उतारावर पाणी तुंबलं आणि दाराच्या खालून आत आलं. सीट कोरड्या, इंजिन ठीक, पण खालचं कार्पेट भिजलेलं.

गॅरेजवाला म्हणाला, "उन्हात दारं उघडी ठेवा दोन दिवस, सुकून जाईल." हे ऐकायचं नाही. आपल्याकडचं पाणी काळ्या मातीचं असतं. ती माती मैद्यासारखी बारीक. कार्पेटखालच्या फोममध्ये बसली की ओल धरून ठेवते. वरून हात लावला तर कोरडं, खाली महिनाभर ओलं. मग वास, बुरशी आणि गंज. शिवाय सीटखाली वायरिंगचे जोड असतात, सीटबेल्ट-एअरबॅगचेसुद्धा. आणखी एक: दर्यापूर, अकोट, तेल्हारा अशा खारपाणपट्ट्यातल्या गावात असाल तर आतली साफसफाई बोअरच्या खाऱ्या पाण्यानं करू नका. जोडांवर मीठ बसतं आणि गंज लवकर धरतो. नळाचं गोडं पाणी वापरा.

म्हणून मी सीट काढून, कार्पेट उचलून तपासणी करायला सांगितली. एस्टिमेट आलं ₹१६,५००. आता हिशेब:

पार्ट्स ₹६,०००, त्यावर ५० टक्के घसारा: ₹३,००० गेले.
कन्झ्युमेबल्स ₹१,५००: गेले.
वजावट ₹१,०००: गेली.
क्लेममधून मिळणार ₹११,०००.

माझा एनसीबी ४५ टक्के, मूळ ओडी ₹८,०००. तोटा १२५ टक्के म्हणजे ₹१०,०००, जीएसटीसह ₹११,८००.

अकरा हजार घेण्यासाठी अकरा हजार आठशे घालवायचे. क्लेम केला नाही. हा तोटा वरची मर्यादा आहे हे खरं, प्रत्यक्षात थोडा कमी भरला असता. पण दोन्ही आकडे इतके जवळ असतील तर मी आणखी एक गोष्ट बघतो: पॉलिसीचं वर्ष किती उरलंय? माझे नऊ महिने बाकी होते. त्या काळात मोठा अपघात झाला असता तर बोनस तसाही गेला असता. पण झाला नाही तर तो वाचतो.

पण हा निर्णय कार्पेट उचलल्यानंतर घेतला, आधी नाही. पाण्याचं नुकसान उशिरा बोलतं. आज गाडी चालू आहे म्हणून गप्प बसलात आणि महिन्यानं इलेक्ट्रिकल बोंबललं, तर "हे त्या पावसाचंच" हे सिद्ध करणं अवघड. पॉलिसीची अटच आहे की घटना घडल्यावर कंपनीला तत्काळ लेखी कळवायचं. म्हणून दोन-तीन दिवसांत तपासणी आणि दोन-तीन दिवसांतच निर्णय. कळवून नंतर क्लेम मागे घेतला तर एनसीबीचं काय होईल, हे तुमच्या कंपनीला ईमेलवर विचारा आणि उत्तर जपून ठेवा. फोनवरचं "हो हो, काही होत नाही" कामाला येत नाही.

तिसरी गाडी: एक सेल्फ आणि क्लेम नामंजूर

हे ओळखीतले काका, गाव आणि कंपनी सांगत नाही. गाडी पाण्यात बंद पडली. मागून हॉर्न वाजत होते. काकांनी दोन-तीनदा सेल्फ मारला. खट्ट आवाज झाला आणि इंजिन जाम.

झालं काय? इंजिनच्या सिलिंडरमध्ये पिस्टन हवा दाबतो. हवा दाबली जाते. पाणी दाबलं जात नाही. एअर फिल्टरमधून पाणी आत गेलेलं असताना सेल्फ मारला की पिस्टन पाण्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. याला हायड्रोस्टॅटिक लॉक म्हणतात. इंजिन उघडावंच लागतं.

कंपनीनं इंजिनचा खर्च नाकारला, बाकीचा दिला. कारण पॉलिसीत दोन कलमं असतात. एक, परिणामी नुकसान आणि यांत्रिक बिघाड वगळलेले असतात. दोन, बिघाड झाल्यावर दुरुस्तीआधी गाडी चालवली तर वाढलेलं नुकसान मालकाच्या जबाबदारीवर. कंपनी म्हणते: पाण्यानं गाडी बंद पाडली, इंजिन तुम्ही मोडलंत. अशा वेळी कामाला येतं ते इंजिन प्रोटेक्ट ॲड-ऑन. सखल भागात राहत असाल किंवा रोज अंडरपासमधून जात असाल, तर रिन्युअलला याची किंमत नक्की विचारा.

म्हणूनच मामांना म्हटलं होतं, चावी फिरवू नका. पाण्यात गाडी बंद पडली की ती बंदच ठेवायची. मागचा हॉर्न वाजवू दे.

आणि गळती असेल तर?

एका श्रोत्यानं विचारलं होतं: सनरूफच्या कडेनं दोन पावसाळे पाणी झिरपतंय, आता फ्लोअर गंजलाय, क्लेम होईल का? अमेरिकेत आरव्ही म्हणजे चाकांवरचं घर घेऊन फिरणाऱ्यांची ही नेहमीची डोकेदुखी आहे. छपराच्या सांध्यातून थेंब थेंब पाणी जातं आणि भिंत कुजल्यावर कळतं. तिथेही आणि आपल्याकडेही विमा अचानक घडलेल्या घटनेचा असतो, हळूहळू झिजण्याचा नाही.

माझी साधी कसोटी: नुकसानीला एक तारीख सांगता येते का? "२१ जुलैची रात्र" हे उत्तर असेल तर तो क्लेम. "दोन वर्षांपासून थोडं थोडं" असेल तर तो मेंटेनन्स. आणि जुनी गळती ताज्या पुरात खपवायचा प्रयत्न करू नका. सर्व्हेअरला ताजा चिखल आणि जुना गंज यातला फरक कळतो. एक खोटी गोष्ट सापडली की खरा क्लेमही धोक्यात येतो. तसंच क्लेम झालेला असताना दुसऱ्या कंपनीकडे "क्लेम नव्हता" असं लिहून एनसीबी घेऊ नका. पुढचा क्लेम तिथेच अडकतो.

कंपनीनं अडवलं तर

विमा नियामक आयआरडीएआयच्या २०२४च्या परिपत्रकानुसार सर्व्हेअर २४ तासांत नेमायचा, त्याचा अहवाल १५ दिवसांत आणि त्यानंतर कंपनीचा निर्णय ७ दिवसांत. नाकारलं तर कारण लेखी मागा, कोणत्या कलमाखाली तेही. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे जा. तिथे दाद लागली नाही तर बिमा भरोसा पोर्टल किंवा १५५२५५ हा क्रमांक. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर विमा लोकपाल. आपल्या भागासाठी पुण्याचं कार्यालय आहे. फी लागत नाही, वकीलही लागत नाही. जिल्हा ग्राहक आयोगाचा रस्ताही आहेच.

थोडक्यात

पाणी सीटच्या वर गेलं असेल तर बहुतेक वेळा क्लेम करा. कार्पेटपर्यंतच असेल तर आधी उचलून तपासा, मग हिशेब करा. हिशेब एका ओळीचा आहे: एस्टिमेटमधून घसारा, वजावट आणि कन्झ्युमेबल्स वजा करा. येणारी रकम एनसीबीच्या एकूण तोट्यापेक्षा बरीच जास्त असेल तर क्लेम, जवळपास असेल तर खिशातून. एनसीबी प्रोटेक्ट ॲड-ऑन असेल तर आधी त्याची अट वाचा, कदाचित बोनस जाणारच नाही. आणि पॉलिसी संपल्यापासून ९० दिवसांत रिन्यू केली नाही तर क्लेम न करताही बोनस जातो, हे विसरू नका.

मामांची गाडी अजून चालू आहे. परवा विचारलं, "पाऊस आला की भीती वाटते का?" म्हणाले, "भीती कायची? आता गाडी वरच्या गल्लीत लावतो ना बाबू."

सगळ्यात स्वस्त ॲड-ऑन तेच आहे. तुमची पॉलिसी काढा, मूळ ओडी आणि एनसीबीचा टक्का एका कागदावर लिहा आणि तो कागद गाडीतल्या खणात नको, घरात ठेवा. भेटू पुढच्या भागात.